दारू सुटते, पण रात्र सुटत नाही

महाराष्ट्रात स्त्रिया आणि दारू यांचा विषय निघाला की आपल्याला आठवतात त्या दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या स्त्रिया. गडचिरोलीत मोठ्या लोकआंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी आली, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली, आणि या सगळ्या काळात कितीतरी गावांतील स्त्रियांनी मतदानात ‘आडवी बाटली’ निवडून आणून आपल्या गावातले दुकान बंद पाडले. हा इतिहास अभिमान वाटावा असाच आहे. मात्र या संपूर्ण चित्रात स्त्री दिसते ती पिणाऱ्याची बायको, आई किंवा मुलगी म्हणून. स्वतः पिणारी म्हणून ती त्यात कोठेच नाही. व्यसनमुक्ती केंद्रांमध्येही पुष्कळ वर्षे स्त्रियांसाठी जे काही होते, ते प्रामुख्याने रुग्णांच्या पत्नींना आधार देण्यासाठी होते. ते आवश्यकच होते, पण त्यामुळे स्त्री स्वतः रुग्ण असू शकते ही शक्यता फार उशिरा आपल्या ध्यानात आली.

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत आता बहुतांश स्त्रियाच असतात. काहीजणी दारू पितात, काहीजणी झोपेच्या गोळ्यांवर दिवस काढतात, काहीजणींचा दिवस मिश्रीशिवाय सुरू होत नाही आणि शहरी मुलींमध्ये गांजा व ब्राउन शुगरही आढळते. त्यांच्याशी सावकाश, घाई न करता बोलत गेले की अनेकींच्या बाबतीत एकच गोष्ट पुढे येते, ती ही की व्यसन लागण्याच्या आधी त्यांच्यावर काहीतरी भयंकर गुदरले होते आणि ते संपले आहे हे त्यांच्या शरीराने अजून मान्य केलेले नाही. हे लिहायला घेण्याचे कारण असे, की आपल्याकडील उपचारांची रीत अजूनही ‘आधी व्यसन सोडवू, बाकीचे नंतर पाहू’ अशी आहे, आणि आघात सोसलेल्या स्त्रीला ही रीत पुन्हा व्यसनाकडेच ढकलते असे माझे ठाम मत झाले आहे.

केवळ आकडे पाहिले तर हा प्रश्न किरकोळ वाटू शकेल. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आहे, तर स्त्रियांचे १.६ टक्के. परंतु घरी आलेल्या अनोळखी माणसाला, सासू आतून ऐकत असताना, ‘होय, मी पिते’ असे सांगणारी स्त्री आपल्या समाजात किती सापडेल, याचा विचार हा आकडा वाचताना केला पाहिजे. शिवाय दारूवरच लक्ष ठेवले की स्त्रियांची बरीचशी व्यसने नजरेतून निसटतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १२.८ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरतात असे आढळले होते. आपल्याकडे त्यात मिश्रीचा वाटा मोठा आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची, छोट्या डबीत भरायची आणि सकाळी परसाकडे जाण्याआधी, दुपारी जेवणानंतर, रात्री निजण्याआधी दाताला लावत बसायचे, ही सवय आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे आलेली असते, आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही. मिश्री लावणारी प्रत्येक स्त्री आघातग्रस्त असते असे म्हणणे चुकीचे ठरेल. बहुतेकींच्या बाबतीत ती घरची रीतच असते. पण रात्री दोनदा-तीनदा दचकून उठणारी आणि प्रत्येक वेळी डबी उघडून पायरीवर जाऊन बसणारी स्त्री मी पाहिली आहे, आणि तिची मिश्री केवळ दातांसाठी नव्हती.

एका स्त्रीविषयी थोडे विस्ताराने लिहिते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे सारे तपशील बदलले आहेत. वय चाळिशीच्या आसपास, तालुक्याच्या गावी राहणारी, लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच झालेले. नवरा रात्री उशिरा पिऊन यायचा, आणि तो आल्यानंतर जे व्हायचे त्याला ती कधीही बलात्कार म्हणाली नाही. ती नुसते ‘त्रास’ म्हणायची. पहिला घोट त्यानेच जबरदस्तीने पाजला होता. पुढे ती स्वतःच, तो येण्याच्या आधी, त्याच्या बाटलीतली थोडी काढून पाणी मिसळून घेऊ लागली. का, असे विचारल्यावर तिने दिलेले उत्तर मी माझ्या वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले आहे: “दारू पोटात असली की कडीचा आवाज लांबून यायचा.” दाराची कडी वाजणे म्हणजे तो आल्याची खूण होती, आणि तेवढा एक आवाज थोडा दूर जावा म्हणून ती पीत होती.

काही वर्षांनी नवरा वारला. घरच्यांना वाटले की आता हिची सुटका झाली. पण तिचे पिणे त्यानंतर दुप्पट झाले. दीर, नणंद, शेजारणी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, की आता कसले दुःख आहे म्हणून पिते, आता तर मारणारा कोणी उरला नाही. भावाने अखेर तिला केंद्रात आणून सोडले. पहिले काही दिवस हातांची थरथर, घाम, मळमळ, ओकाऱ्या हे नेहमीचे सारे झाले, औषधे आणि थायामिन या जीवनसत्त्वाची इंजेक्शने सुरू होती, आणि आठवडा उलटल्यावर शरीर सावरले. अशा वेळी रुग्ण हसू-बोलू लागतो, जेवण मागून घेऊ लागतो. ही मात्र त्याच सुमारास अधिक बिघडली. रात्री ती आडवी होईना. कॉटवर भिंतीला पाठ टेकून, तोंड दाराकडे करून, पायात चपला तशाच ठेवून बसून राहायची, आणि फेरीवर आलेल्या बाईंनी वॉर्डचे दार उघडले की एवढी दचकायची की शेजारच्या दोघी जाग्या व्हायच्या. ‘नाटकं करतेय, गोळी पाहिजे असेल’ असा शेरा रात्रपाळीच्या नोंदीत पडला.

त्या वॉर्डच्या दाराला लोखंडी कडी होती आणि रात्रीच्या फेरीत ती चार-पाच वेळा वाजत होती. हे लक्षात आल्यावर बदल केला तो एवढाच, की फेरीवरच्या बाईंनी कडीला हात लावण्याआधी बाहेरूनच, आपले नाव सांगून, ‘मी आहे, दार उघडतेय’ असे म्हणायचे. त्याने तिचा आजार बरा झाला नाही. पण ती तीन-चार रात्रींत आडवी होऊ लागली, आणि झोप मिळाल्यामुळे दिवसा बोलण्याइतके त्राण तिच्यात आले. कोणते औषध किती द्यायचे यावर आमच्याकडे तासन्‌तास चर्चा होते, कडीवर कधीच होत नाही.

या अवस्थेला मानसोपचारात आघातोत्तर ताणविकार म्हणतात. पीटीएसडी हे नाव अनेकांनी ऐकलेले असेल. घडून गेलेली घटना पुन्हा आत्ता घडत असल्यासारखी समोर उभी राहणे, दुःस्वप्ने, त्या घटनेची आठवण देणाऱ्या जागा, माणसे व वास टाळत राहणे, सतत सावध राहणे, जरा आवाज झाला की दचकणे, आणि आतून बधिर होऊन कशातच जीव न लागणे, अशी त्याची लक्षणे आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये या आजाराला अधिकृत स्थान दिले ते मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे, आणि म्हणून आजही या आजाराचे नाव काढले की लोकांना गणवेशातला पुरुष आठवतो. खरे तर त्याच्या सहा वर्षे आधी, १९७४ मध्ये, ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बोस्टनच्या रुग्णालयात आलेल्या बलात्कारपीडित स्त्रियांच्या अशाच लक्षणांचे तपशीलवार वर्णन केले होते. युद्धभूमीवर न गेलेल्या, स्वतःच्या स्वयंपाकघरात आणि अंथरुणात आघात सोसलेल्या स्त्रियांची संख्या सैनिकांहून कितीतरी मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी देशभरात २९.३ टक्के आणि महाराष्ट्रात जवळपास चौथ्या हिश्शाने पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या १४ टक्केच होत्या. उरलेल्या स्त्रिया त्या रात्री निभावून नेण्यासाठी काय करत असतील, हा प्रश्न सर्वेक्षणात नसतो.

व्यसन आणि आघात यांचा संबंध केवळ आमच्यासारख्यांच्या अनुभवावर उभा नाही. अमेरिकेत रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आयुष्यात कधीतरी हा ताणविकार झालेल्या स्त्रियांचे प्रमाण १०.४ टक्के होते आणि पुरुषांचे ५ टक्के. त्याच अभ्यासातील पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ताणविकार असलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ ५२ टक्क्यांना दारूची समस्या होती आणि स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्क्यांना, म्हणून वरवर पाहता हा पुरुषांचाच प्रश्न वाटतो. पण ताणविकार नसलेल्या पुरुषांमध्येही हे प्रमाण ३४ टक्के होते, कारण पुरुष एरवीही पितातच. ताणविकार नसलेल्या स्त्रियांमध्ये मात्र ते १३.५ टक्के होते. इतर अमली पदार्थांच्या बाबतीत तर फरक आणखी मोठा आहे: ताणविकार नसलेल्या स्त्रियांमध्ये ७.६ टक्के, असलेल्यांमध्ये २६.९ टक्के, म्हणजे साडेतीन पट. मित्रांच्या आग्रहाने, लग्नाच्या वरातीत, पगाराच्या दिवशी, अशा शंभर निमित्तांनी पुरुष दारूपर्यंत पोहोचतो. आपल्या समाजात स्त्रीला ही निमित्ते फारशी उपलब्ध नाहीत आणि नावे ठेवण्याची भीती मात्र पुरेपूर आहे. एवढी भीती ओलांडून एखादी तेथपर्यंत पोहोचली असेल तर तिला पाठीमागून काय ढकलत होते हे विचारणे उपचारकाचे पहिले काम आहे.

शरीरात जे घडते ते समजून घेतले की घरच्यांचा राग थोडा निवळतो, असा माझा अनुभव आहे, म्हणून ते येथे सांगते. आघातानंतर मेंदूतील धोक्याची यंत्रणा चढलेल्या स्थितीत अडकून राहते आणि नॉरॲड्रेनलिन हे रसायन गरजेपेक्षा अधिक स्रवत राहते; छाती धडधडते, कान टवकारलेले राहतात, झोप उडते. दारू आणि अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम वाढवतात, अफूजन्य पदार्थ वेगळ्या मार्गाने तीच बधिरता आणतात, आणि काही तासांपुरते सारे खरोखरच निवते. ही स्त्री मजेसाठी पीत नसते. तिला सापडलेले, तत्काळ लागू पडणारे ते एकमेव औषध असते. एडवर्ड खांत्झियन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये हाच विचार सविस्तर मांडला होता, की अनेक व्यसनी माणसे आपल्या वेदनेवर स्वतःच उपचार करत असतात. अडचण अशी, की अंमल उतरू लागला की नॉरॲड्रेनलिन पूर्वीपेक्षाही वर उसळते. दारूने दाबून धरलेली स्वप्नांची झोप दारू थांबताच जोराने परत येते आणि तिच्याबरोबर दुःस्वप्नेही येतात. ब्राउन शुगरवाले ज्याला ‘टर्की’ म्हणतात त्या अवस्थेतली धडधड, घाम, अस्वस्थता आणि आघाताच्या आठवणीने होणारी धडधड, घाम, अस्वस्थता यांत शरीराला भेद करता येत नाही. त्यामुळे व्यसन सोडण्याचा प्रत्येक प्रयत्न तिला त्या जुन्या प्रसंगाकडे नेऊन उभा करतो, आणि तेथून पळण्याचा तिला ठाऊक असलेला रस्ता पुन्हा बाटलीकडेच जातो.

यात स्त्रीच्या शरीराची आणखी एक बाजू आहे. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातील दारूचे प्रमाण अधिक वाढते आणि यकृताला इजाही लवकर होते. पहिल्या घोटापासून पूर्ण अवलंबित्वापर्यंतचा प्रवास स्त्रियांमध्ये अनेकदा अधिक वेगाने होतो, हे व्यसनशास्त्रात नोंदवले गेले आहे. चार वर्षांत एवढी कशी वाहवली, असे म्हणून तिच्या स्वभावाला दोष देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

झोपेच्या गोळ्यांविषयी मला विशेष कळकळीने लिहायचे आहे, कारण त्यांचे व्यसन मध्यमवर्गीय घरांत सर्वात अधिक दडलेले असते. झोप येत नाही, छातीत धडधडते, असे सांगत एखादी स्त्री डॉक्टरांकडे जाते. हातावरचा वळ बाहीखाली झाकलेला असतो, नवरा शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो आणि सगळी माहिती तोच देत असतो. पाच मिनिटांत रोज रात्री एक गोळी अशी चिठ्ठी मिळते. झोप का येत नाही हे कोणी विचारत नाही. अल्प्राझोलाम हे औषध २०१४ पासून एच-१ या अनुसूचीत आहे, म्हणजे औषधविक्रेत्याने ते चिठ्ठीशिवाय देऊ नये आणि दिल्याची वेगळी नोंद ठेवावी असा नियम आहे. तरीही वर्षापूर्वीच्या, मऊ पडलेल्या चिठ्ठीवर दर महिन्याला गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया माझ्याकडे आल्या आहेत. एकाची दोन आणि दोनाच्या चार गोळ्या होत जातात. ताणविकारावर ही औषधे उपाय नाहीत. अनेक देशांच्या उपचार-मार्गदर्शिका त्यांच्या नियमित वापराविरुद्ध सल्ला देतात, कारण त्यांनी मूळ लक्षणे जात नाहीत आणि अवलंबित्व मात्र येते. या विकारासाठी सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारखी औषधे आहेत आणि त्याहूनही प्रभावी अशा मानसोपचार पद्धती आहेत; पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी कोणीतरी योग्य प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारताना नवऱ्याला बाहेर बसवावे लागते.

आता उपचारांच्या क्रमाविषयी. सहा महिने, वर्षभर व्यसनमुक्त राहिल्याशिवाय आघाताचा विषय काढायचाच नाही, नाहीतर रुग्ण पुन्हा घसरेल, अशी समजूत आपल्या क्षेत्रात खोलवर रुजलेली आहे. तिच्यामागे काळजीच आहे हे मी जाणते, आणि आठवडाभरापूर्वी दारू सोडलेल्या स्त्रीला गटात उभे करून सगळे सांगायला लावणे हे तर क्रूरच आहे. परंतु संशोधन या समजुतीच्या बाजूने नाही. डेनिस हीन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत दोन्ही आजार असलेल्या ३५३ स्त्रियांचा अभ्यास केला आणि त्यातून २०१० मध्ये जो निष्कर्ष मांडला तो मी नवीन सहकाऱ्यांना नेहमी सांगते: ज्या स्त्रियांच्या आघाताची लक्षणे कमी झाली त्यांचे व्यसनही कमी होत गेले, मात्र व्यसन कमी झाले म्हणून आघाताची लक्षणे कमी झाल्याचा पुरावा फारच थोडा मिळाला. ऑस्ट्रेलियात कॅथरीन मिल्स यांच्या गटाने १०३ रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. व्यसन सुरू असतानाच आघातावरही पद्धतशीर उपचार दिले गेले, तर ताणविकाराची लक्षणे अधिक कमी झाली आणि ज्या गोष्टीची सर्वांना भीती होती ती, म्हणजे व्यसन वाढणे, घडली नाही.

दोन्ही एकत्र हाताळायचे म्हणजे पहिल्याच दिवशी जखम उघडायची असे नव्हे. लिसा नाजाविट्स यांनी विकसित केलेल्या आणि २००२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या पद्धतीत २५ विषय आहेत, आणि त्यांत भूतकाळाचे तपशील सांगण्याची सक्ती कोठेही नाही. आज सुरक्षित कसे राहायचे, आठवणीचा लोंढा आला तर स्वतःला वर्तमानात कसे धरून ठेवायचे, नाही कसे म्हणायचे, मदत कोणाकडे मागायची, यांवर त्यात भर आहे. या पद्धतीने इतर पद्धतींपेक्षा व्यसन नेहमीच अधिक घटते असे सिद्ध झालेले नाही, तरी गटात काम सुरू करण्यासाठी मला ती फार उपयोगी वाटते. वर्तमानात परतण्यासाठीचे व्यायाम आपल्या बायकांना इंग्रजी पुस्तकांतल्या भाषेत सांगितले तर परके वाटतात. आमच्या गटातील एका आजींनी त्यावर स्वतःच उपाय काढला: मुठीत चार चिंचोके धरायचे, एकेक बोटांनी चाचपायचा, त्याची कड, त्याचा गुळगुळीतपणा मनात म्हणायचा, आणि दोन्ही तळपाय फरशीला टेकवून फरशी गार आहे का ते पाहायचे. नंतर गटातल्या प्रत्येकीच्या कमरेच्या पिशवीत चिंचोके असत. काही आठवड्यांनी, स्त्रीची तयारी झाल्यावर आणि प्रशिक्षित उपचारक उपलब्ध असल्यास, आघाताच्या आठवणीवर थेट काम करणाऱ्या पद्धती सुरू करता येतात. असे प्रशिक्षित उपचारक जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा मिळत नाहीत, ही आपली मोठी उणीव आहे.

वॉर्डची रचना आणि रीतही बदलावी लागेल. दाखल होताना अंगझडती घेतली जाते, आणि ती घ्यावीच लागते. पण ती घेणारी स्त्रीच असावी, दार बंद असावे आणि काय करणार आहोत हे आधी सांगितलेले असावे. फसवून, पाहुण्यांकडे जातो असे सांगून, चौघांनी धरून गाडीत कोंबून आणलेल्या स्त्रीला तो प्रकार आधीच्या आघाताहून वेगळा वाटत नाही. घरच्यांनी कितीही हात जोडले तरी केंद्रांनी त्यात सहभागी होऊ नये. मिश्र सभांचाही प्रश्न आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटांच्या सभांनी असंख्य लोकांना उभे केले आहे आणि माझ्या कित्येक रुग्ण तेथे जाऊन टिकल्या आहेत, तरी पुरुषांनी भरलेल्या खोलीत, एकटीच स्त्री म्हणून बसून आपली कहाणी सांगणे प्रत्येकीला जमेल असे नाही. तेथील कार्यक्रमाच्या पहिल्या पायरीत दारूपुढे आपण हतबल आहोत असे मान्य करायचे असते. जिला वर्षानुवर्षे हतबल करूनच ठेवले होते तिच्या घशातून ते शब्द निघत नाहीत. अमेरिकेत जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७०च्या दशकात केवळ स्त्रियांसाठी वेगळी चळवळ उभी केली ती याच जाणिवेतून, स्त्रीला स्वतःच्या सामर्थ्याची ओळख करून देण्यावर भर देत. आपल्याकडे निदान आठवड्यातून एक सभा फक्त स्त्रियांची, आणि तीही दुपारच्या वेळी, जेव्हा घराबाहेर पडणे शक्य असते तेव्हा भरवता येईल.

सर्वात मोठी दरी मला संस्थांमध्ये दिसते. मुंबईत सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र २००० सालच्या सुमारास सुरू केले, आणि सरकारी दवाखान्यात आलेल्या स्त्रीला हिंसेविषयी संवेदनशीलतेने विचारता येते, तेथेच आधार देता येतो, हे देशाला दाखवून दिले. व्यसनमुक्ती केंद्रांनी हाच धडा अजून घेतलेला नाही. हिंसापीडित स्त्रियांची आधारगृहे दारू पिणारी म्हणून तिला दाखल करून घेत नाहीत, आणि बहुसंख्य व्यसनमुक्ती केंद्रांत स्त्रियांसाठी वेगळा विभागच नसतो; या दोन दारांमध्ये ती उभी राहते. लहान मूल असेल तर महिनाभर दाखल होणे अशक्य होते, कारण मुलाला ठेवायचे कोणाकडे, तर ज्याच्यापासून पळायचे त्याच्याकडेच. घटस्फोटाचा किंवा मुलाच्या ताब्याचा दावा सुरू असेल तर केंद्रात दाखल झाल्याचा कागदच तिच्याविरुद्ध वापरला जाईल या भीतीने ती येत नाही, आणि ही भीती निराधार नाही. मातांना मुलांसह राहता येईल असे विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत झाले पाहिजेत, आणि व्यसनावर उपचार घेणे हे आईच्या जबाबदारीचे लक्षण आहे असे कौटुंबिक न्यायालयांत ठामपणे मांडणारे वकील हवेत.

ज्यांच्या घरात अशी आई, बहीण, सून किंवा वहिनी आहे त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक सांगते. रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीच्या हातून त्या एका दिवसात काढून घेऊ नका आणि तिला खोलीत कोंडून घालू नका. अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, त्यामुळे हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. दारू सुटल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिची झोप बिघडली, ती चिडू किंवा दचकू लागली, तर त्याला नाटक न म्हणता ते उपचार करणाऱ्यांच्या कानावर घाला आणि आघाताच्या दृष्टीने तपासणी करण्याचा आग्रह धरा. काय घडले होते हे तिने तुम्हाला सांगितलेच पाहिजे असा हट्ट धरू नका. तिने सांगितले, आणि सांगताना नाव घरातल्याच माणसाचे निघाले, तर तेथे वाद घालू नका, ‘एवढ्या वर्षांनी का’ असे विचारू नका, आणि तो माणूस घरात असेपर्यंत तिला केंद्रातून घरी आणण्याची घाई करू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ आणि हिंसेच्या प्रसंगी मदतीसाठी १८१ हे क्रमांक आहेत. फोन तिने स्वतःच केला पाहिजे असे नाही, तिच्या वतीने तुम्हीही करू शकता.